केवळाबाईंची मिसळ

नांदेडला बाजाराला आलं, की शेषेराव हॉटेलात पोहे खायचे आणि बसस्टँडवर थांबलेल्या केवळाबाईंसाठी भजी बांधून न्यायचे. चाळीस वर्षांच्या संसारात हेच चाललेलं. आज मात्र "स्टँडवर ऊन लई हाय" म्हणत केवळाबाईच वजिराबादच्या गर्दीच्या हॉटेलात शिरल्या आणि पंख्याखालचं टेबल धरून बसल्या. शेषेराव अवघडून समोर टेकले. गावातलं कुणी बघितलं तर? "यांना पोहे, मला मिसळ," बाईंनी वेटरला सांगितलं. मिसळ आल्यावर त्यांनी वर वाटीभर तर्री ओतून घेतली. शेषेराव बघतच राहिले. "तुला एवढं तिखट चालतं?" "लई आवडतं. घरी तुमच्या पित्तापायी फिकं रांधते." शेषेरावांच्या हातातला चमचा थांबला. आपण कधी विचारलंच नाही. "उद्यापासून दोन भाज्या होऊ दे," ते हळूच म्हणाले. "होऊ द्या की," केवळाबाई नाक पुसत हसल्या, "फिकी तुम्ही करा."