भिंतीखालचा ओढा

रस्त्याखाली गाडलेला ओढा लोकांना दिसावा म्हणून चित्रकार मृदुला त्याच्या वाटेवर निळा पट्टा रंगवत निघाली होती. ओढ्याची वाट बघायला फेरीला आलेली माणसं मागून चालत होती. पट्टा सोसायटीच्या फाटकातून आत शिरला आणि तळमजल्यावरच्या हर्डीकरांच्या भिंतीला जाऊन टेकला.

"काका, इथून ओढा तुमच्या स्वयंपाकघराखालून जातो," ती म्हणाली.

त्याच भिंतीच्या ओलीवरून हर्डीकरांनी वरच्या मजल्यावरच्या घोलपबाईंशी कित्येक वर्षं अबोला धरला होता. बाईंचंच बाथरूम गळतं, यावर ते ठाम होते.

ते जिना चढले आणि त्यांनी बेल वाजवली.

"ओल तुमच्यामुळे नाही, ओढ्यामुळे आहे."

"तुमच्यापायी मी अख्खं बाथरूम फोडून घेतलं," घोलपबाई म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "या आत. नव्या फरश्या तरी बघा."