दाब

पुंडलिक सर रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांची मुलगी नम्रता लग्नानंतर, चार महिन्यांपूर्वी, अमेरिकेला गेली होती. रविवारी तिचा फोन आला. जावई विशाल शेजारी बसला होता, त्यामुळे फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता.

“बाबा, अष्टमी गावातून घेतलेला मिक्सर इथं टिकायचा नाय. अडॅप्टरनं पिना जुळल्या, पण इथला दाब फार जास्त हाय. एक दिवस जळेल तो. तुम्ही स्वतः येऊन घेऊन जा त्याला.”

सर हसले. “अगो, आपल्याकडं दोनशेतीस व्होल्ट, तिथं एकशेवीस. तिथला दाब निम्माच. मिक्सर मंद फिरेल, जळायचा नाय. दहावीला शिकवलंय मी तुला.”

“बाबा, तुमच्याच विषयात नापास की ही,” विशाल म्हणाला.

“नापासच. राहू दे तो मिक्सर तिथंच.”

नम्रता म्हणाली, “व्हय बाबा. चुकलं माझं.”

अठराव्या दिवशी तिचा मृतदेह आला. सोबतच्या अहवालात भाजल्याच्या खुणांची नोंद होती; त्यांपैकी काही दोन महिने जुन्या होत्या. सरांनी माळ्यावरून तिची दहावीची वही काढली. विद्युतदाबाच्या धड्याखाली तिच्या अक्षरात लिहिले होते: भारत २३०, अमेरिका १२०. त्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण होती आणि खाली सरांची सही.