दोन ठोके

उणे अडतीसपर्यंत थंडी उतरली की गिमली गावात पाण्याचे पाइप गोठायचेच. हाल्दोर हेअर ड्रायर घेऊन बाहेरच्या झडपेतून घराखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत शिरला. वर त्याची बायको व्हर्ना नळ उघडा सोडून सिंकखालच्या कपाटाशी बसली. तीस हिवाळ्यांची त्यांची ठरलेली भाषा होती. खालून पाइपावर एक ठोका म्हणजे ‘पाणी आलं का?’ वरून दोन म्हणजे ‘नाही’, तीन म्हणजे ‘आलं, ये वर.’

नळ खोकला आणि धार लागली. व्हर्नाने चमच्याने तीन ठोके दिले.

खालून एक ठोका आला.

“बहिरा झालाय मेला!” तिने पुन्हा तीन दिले. पुन्हा एकच आला, जरा दमल्यासारखा.

तेवढ्यात मागच्या दारातून हाल्दोर आत आला. भुवयांवर बर्फ, हातात ड्रायर. “किती ठोकतेस? पहिल्या तीन ठोक्यांनाच ऐकलं मी. झडपेला कडीसुद्धा घालून आलो.”

खालून एक ठोका आला.

“अरे, खाली कुणीतरी आहे! कडी काढ जा!”

हाल्दोरने नळाच्या धारेकडे बघितलं. मग तिच्या हातातला चमचा घेऊन त्याने पाइपावर दोन ठोके दिले.

“पण पाणी तर आलंय!”

“त्याला कुठे माहितेय?” हाल्दोर कपात कॉफी ओतू लागला. “थंडी मार्चपर्यंत आहे. करू दे काम.”

घराखाली कुणीतरी पाइपावर तोंडाने फुंकर घालू लागलं. मधेच एक हुंदका फुटला, आणि मग फुंकर आणखी जोरात आली.