उडणारं अत्तर

अत्तरवाले चाचा काचेची काडी बुडवून म्हणाले, “ताई, हात पुढं करा,” आणि लता हात पुढं करणार तेवढ्यात जयरामनं मध्येच स्वतःचा हात घातला.

“माझ्या हातावर लावा.”

चाचांचं वय सत्तरीच्या घरातलं. चष्म्याच्या काचा जाड, हात थरथरता. पण जयरामला त्याचं काही नाही. परक्या पुरुषानं बायकोचं मनगट धरायचं म्हणजे याच्या पोटात दुखणारच. लतानं हात मागं घेतला. चाचांनी काडी जयरामच्या मनगटावर टेकवली.

“संत्रं. उन्हाळ्यासाठी खास आलंय, मुंबईहून.”

लतानं नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. संत्रं सोलताना सालीचा तुषार उडतो ना, अगदी तोच वास. बाहेर भद्रकालीच्या बाजारातला रस्ता उन्हानं भाजत होता, आणि हिनं इथं डोळे मिटले होते.

“किती गार वाटतंय,” ती म्हणाली.

झालं. जयरामचं डोकं फिरलं. महिन्यापासून लता ओझरला विमानाच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून जात होती. तिथं तिचे साहेब. खुर्चीशेजारी उभे राहून दिवसभर मजकूर सांगणार आणि ही टाइप करणार. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आत “आमचे साहेब ना” सुरू. लग्न झाल्यापासून बाईनं पावडरीपलीकडं काही लावलं नाही, आणि आता म्हणे अत्तर. का, तर बसमध्ये फार घाम येतो. अरे, येतो तर येऊ दे की. घाम काय आजच यायला लागला?

“भडक आहे,” तो म्हणाला.

मग मोसंबी आली. ती त्याला खोकल्याच्या औषधासारखी वाटली. अननस आला, त्यावर माश्या बसतील म्हणाला. मनगटावर जागा उरली नाही तेव्हा चाचांनी कैरीचा वास कोपराजवळ लावला. लता तिथं वाकली. तिची बट त्याच्या हातावरून घासत गेली आणि जयरामला एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्यानं हात मागंच ओढला. आपल्याला जर असं होतंय, तर त्या साहेबाचं काय होईल?

“हा तर नकोच.”

“घ्यायचंच नाही असं सरळ सांगा ना,” लता म्हणाली. “उगाच त्यांना बाटल्या उघडायला लावताय.”

“मी कुठं नाही म्हटलं? तुला शोभेल असं तरी घे.”

“माझ्या हाताला लावूच देत नाही. शोभतंय की नाही, कळणार कसं?”

 जयराम कपाटातल्या बाटल्यांकडं बघत बसला. चाचांनी त्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि मागच्या फळीवरून एक बारकी बाटली काढली.

“लिंबू आहे. एकदम हलका. पण आधीच सांगतो साहेब, लिंबू टिकत नाही. या उन्हात तर तासाभरात उडून जाईल. नंतर तक्रार चालणार नाही.”

जयराम सरळ झाला. त्यानं मनातल्या मनात बस सोडली. द्वारकेच्या थांब्याला वास थोडा असेल. आडगावला जेमतेम. वर खिडकीतून गरम वारा. ओझर येईपर्यंत साफ. साहेबासमोर जाऊन बसेल ती रोजची लता, पावडरवाली.

“हाच द्या,” तो म्हणाला. वाससुद्धा घेतला नाही.

लतानं त्याच्याकडं पाहिलं. महिनाभर ती हे सगळं बघत होती, आणि तिला त्याचा रागही यायचा आणि कीवही यायची. आज मात्र नुसता कंटाळा आला. तिनं बाटली उघडली, स्वतःच दोन थेंब मनगटावर घेतले, हुंगले.

“चांगला आहे,” ती चाचांना म्हणाली. “फक्त झाकण घट्ट बघून द्या. पर्समध्ये सांडायला नको.”

“पर्समध्ये कशाला?” जयराम म्हणाला.

“उडाला की पुन्हा लावायला.”

चाचा पुडी बांधण्यात फारच गुंतले. जयराम दुकानाबाहेर आला तो तोंड पाडून. हाताला तर वास असा सुटलेला, की समोरून येणारा सायकलवाला वळून बघून गेला. 

“म्हणजे साहेबाच्या केबिनमध्ये जायच्या आधी लावणार तू,” कोपऱ्यावर आल्यावर तो म्हणाला.

“नाही.”

“मग जेवणाच्या सुट्टीत?”

“नाही हो. संध्याकाळी. बस घराजवळ आली की.”

“संध्याकाळी कशाला? काम तर संपलेलं असतं.”

लता थांबली. कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला.

“संध्याकाळी घरी कोण असतं?” ती म्हणाली.

जयराम विचारात पडला. घरमालक असतात, पण ते म्हातारे. दूधवाला तर दिवेलागणीनंतर येतो. त्यानं वाड्यातला एकेक माणूस नजरेसमोर आणला, आणि मग त्याचा चेहरा आक्रसत गेला.

“कोण, तो वरच्या खोलीतला कोंडाजी?”