दोन्ही हात मोकळे

"आवड: आवाजाचा त्रास होत नाही."

रोजगार केंद्रातल्या मॅडमनी फॉर्मवरची ओळ मोठ्यानं वाचली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचली.

"ही आवड आहे?"

ताई खुर्चीच्या टोकावर बसली होती. मांडीवर तिची तेरा महिन्यांची लेक ठकी चुळबुळत होती, आणि शेजारी धाकटी बहीण. जन्मापासून ऐकू न येणारी, बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर न हलवणारी.

"डबे ठोकायच्या कारखान्यात जागा आहे ना," ताई घाईनं म्हणाली. "तिथल्या आवाजानं माणसं टिकत नाहीत म्हणे. हिला काय, डोक्यावर ढोल बडवले तरी..." ती हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"जागा आहे. बारापर्यंत नाव कळवायचंय. पण याआधीच्या दोन नोकऱ्या यांनी सोडल्यात. का?"

"मन रमलं नाही तिचं."

"मी त्यांना विचारलं."

ताईनं एका हातानं ठकीला आवळून धरलं आणि दुसऱ्या हातानं अर्धीमुर्धी खूण केली. धाकटीनं भुवया उंचावल्या. वर्षभर घरात हेच चाललं होतं. एक हात कायम ठकीपाशी अडकलेला, त्यामुळे धाकटीशी बोलणंही एकहाती. जेव. चल. पुरे. नंतर.

ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. ही तिसरी संधीही हुकली तर चौथ्यांदा दारात कोण उभं करणार? घरात बसलेल्या माणसाला घर हळूहळू खातं, हे ती धाकटीकडे बघून शिकली होती.

"तुम्ही सरळ कारखान्याचं पत्र द्या ना मॅडम. ती नाही म्हणायची नाही."

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी हात पुढे केले. "आणा बाळाला इकडे. आता नीट विचारा. काय करायला आवडतं, एवढंच."

ठकीनं तत्काळ भोकाड पसरलं. ताईचे दोन्ही हात मोकळे झाले आणि हवेत तसेच राहिले. काय दुखतंय, हे तिला विचारता येत होतं. कुठे होतीस, जेवलीस का, का रडतेस, सगळ्याला खुणा होत्या. पण तुला काय आवडतं? ती खूण आठवेना. मग लक्षात आलं, आठवायला ती होतीच कुठे? त्यांच्या घरात हा प्रश्न धाकटीला कुणी कधी विचारलाच नव्हता.

तिनं धाकटीकडे बोट केलं. स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला, चेहरा खुलवला आणि तळवा प्रश्नासारखा उलटा केला.

धाकटी क्षणभर बघतच राहिली. मग तिचे हात सुटले. कुणाच्या तरी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, बटा उचलल्या, दोन बोटांची कात्री सरसर चालवली. मागे सरून, डोळे बारीक करून, दोन्ही बाजू सारख्या आल्यात का ते पाहिलं. मग तिची नजर मॅडमच्या कपाळावर गेली आणि तिनं नापसंतीनं मान हलवली.

"काय म्हणतात?"

कारखाना चालेल म्हणते. वाक्य ताईच्या जिभेवर तयार होतं. मॅडमना खुणा कळत नव्हत्या. पण धाकटी तिच्या ओठांकडे बघत होती.

"केस कापायचेत म्हणते. आमच्या घरात सगळ्यांचे तीच कापते. आणि..."

"आणि काय?"

"तुमची बट तिरकी कापलीय म्हणते."

मॅडमचा हात कपाळाकडे गेला. "माझी मीच कापलीय."

"ते दिसतंय तिला."

आता मात्र मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "माझ्या यादीत सलून नाही. शोधावं लागेल. महिना जाईल, दोन जातील, मिळेलच असंही नाही. कारखान्याची जागा मात्र आज जाईल."

ताईनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात रडून लालबुंद झालेल्या ठकीनं मान झटकली आणि तिचं टोपडं खाली पडलं. आतले केस कानांवरून रेघ ओढल्यासारखे कापलेले होते.

"हिचेही यांनीच कापले? ही एवढी रडत असताना?"

"सलूनवालीनं दोनदा परत पाठवलं होतं हिला. ही किंचाळली की तिचा हात थरथरायचा. धाकटीचा..." ताई बोलता बोलता थांबली.

मॅडमनी फॉर्म आणि पेन धाकटीपुढे सरकवलं. कारखान्याचं पत्रही शेजारी ठेवलं.

धाकटीनं पत्र बाजूला सारलं. फॉर्मवरची ताईची ओळ तिनं वाचली. खोडली नाही. ओळीच्या वर बोटभर जागा होती, तिथे सावकाश लिहिलं: लहान मुलांचे केस कापणे.

बाराला दहा कमी होते. मॅडमनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ठकीला परत द्यायला पुढे केलं.

ताईनं हात पुढे केले. मग मागे घेतले.

"दोन मिनिटं धरता का?" ती म्हणाली, आणि धाकटीकडे वळून बसली.