तीन पाण्यांची झडप

मुंबईला हृदयाची झडप बदलून कृष्णात महिन्याभरानं कोडोलीला परतत होता, पण कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यापासून त्याची बायको सुगंधा घरी काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होती. नवी झडप डुकराची होती. आणि सासू धोंडुबाई म्हणजे गळ्यात माळ, उंबऱ्याबाहेर गेलेला तांब्यासुद्धा राखेनं घासल्याशिवाय घरात न घेणारी. कळलं, तर लेकाचं ताट बाहेर सोप्यातच मांडायला ती कमी करणार नव्हती.

दारात भाकरतुकडा ओवाळता ओवाळता म्हातारीनं विचारलंच, "कशाची बसवली म्हणायची झडप?"

सुगंधानं डोळे मिटून सांगून टाकलं, "डुकराची हाय, आत्या."

भाकरतुकडा हातातच थांबला.

"धुतलीती का?"

"व्हय तर! लई दिस औषधात बुडवून ठेवलीती. बसवायच्या आधी नर्सबाईंनी तीन भांडी मांडून तीन पाण्यांत खळबळून घेतली म्हणं."

"तीन?"

"तीन. दर पाण्यात दोन-दोन मिनिटं."

धोंडुबाईनं तुकडा लांब भिरकावला, लेकाच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि दंडाला धरून त्याला थेट चुलीपुढं नेऊन बसवलं. मग वळून सुनेवर कडाडली, "ऐकलंस न्हवं? दवाखान्यातल्या बाया तीन पाणी घेत्यात, आन् तू डेअरीची किटली एका पाण्यात उरकतीस!"

सुगंधानं डोळे पुसले, पदर खोचला आणि प्रवासाचं लुगडंही न बदलता किटली धुवायला काढली. तीन पाण्यांनी.