पासपोर्ट घेऊन जा

“उद्या ऑफिसात या आणि तुमचा पासपोर्ट घेऊन जा,” एवढंच बोलून खैरुद्दीनने फोन ठेवला आणि प्रकाशने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

अबुधाबीच्या त्या कॉलेजात सगळ्या स्टाफचे पासपोर्ट ऑफिस सांभाळणाऱ्या खैरुद्दीनच्या तिजोरीत असत. ते हातात पडत सुट्टीवर जाताना, नाहीतर व्हिसा कॅन्सल होऊन कायमचं घरी जाताना. प्रकाश तर नुकताच सुट्टीवरून आला होता.

ब्याण्णव साली तो फुटबॉलचा कोच म्हणून आला. टीम जिंकत गेली, तसा तोही वर चढत गेला. आता खेळांचा अख्खा विभाग त्याच्या हाताखाली होता. पण भीतीही तशीच वाढली. फोन वाजला की दचकायचा. मॅच हरली की त्याला घास जायचा नाही. त्यात गेल्या आठवड्यात त्याने कॉलेजच्या मालकाच्या पुतण्यालाच टीममधून वगळलं होतं, रोज प्रॅक्टिसला उशिरा येतो म्हणून. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं आता त्याला झालं.

“आपलं खलास,” तो बायकोला म्हणाला. “आभाची शाळा अर्धवट राहील.”

“बघू. आधी दोन घास खाऊन घ्या,” सुहासिनी म्हणाली.

“बघू काय? रुवैसच्या शाळेतल्या त्या पीटी टीचरला दोन दिवसांत विमानात बसवलं.”

आतून आभाचा आवाज आला, “बाबा, यू से दिस एव्हरी इयर.”

सकाळी त्याने ऑफिससमोर गाडी लावली. ग्राउंडकडे त्याने बघितलंच नाही.

खैरुद्दीन रत्नागिरीचा, एरवी चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. आज त्याने आधी दार लावून घेतलं.

“बसा साहेब. व्हिसा कॅन्सल होतोय. इथे सही करा.”

प्रकाशने कागद मागे सरकवला. “मी त्या मुलाला आजच परत घेतो. मालकांना सांगा, माझी मिस्टेक झाली.”

“मालक तर खूश होते. त्याला कुणीतरी शिस्त लावली म्हणाले. पुढची पाच वर्षं तुम्हालाच ठेवायचं, असं फायनल झालं होतं.”

“मग?”

खैरुद्दीनने पासपोर्ट पुढे सरकवला.

“माझ्या बायकोला, रुकय्याला घेऊन सुहासिनी वहिनी मालकांच्या घरी गेल्या होत्या. रडत होत्या. म्हणाल्या, ‘तुम्हीच यांना काढून टाका. एकदा काढलं की निदान रात्री झोपतील तरी.’”